आधी झोप, मग भाकर

आमच्या ओपीडीत ‘माझ्या मनाला त्रास होतोय’ असं सांगत कुणी येत नाही. पाठ धरलीय म्हणून येतात, हातापायांची आग होते म्हणून येतात. छातीत धडधडतं, जेवण जात नाही, रात्री तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही म्हणून येतात. नगर जिल्ह्यातलं हे जुनं मिशन हॉस्पिटल. डॉक्टर रक्त, लघवी, ईसीजी, थायरॉइड सगळं लिहून देतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि केसपेपरच्या कोपऱ्यात ‘समुपदेशन’ असा शेरा पडून ते माणूस माझ्या दारात येऊन उभं राहतं. बहुधा रागातच. डॉक्टरांनी आपल्याला वेड्यात काढलं असं त्याला वाटत असतं. बायका घरी ‘बीपी तपासून येते’ असं सांगून आलेल्या असतात. मी खरोखरच बीपी मोजते आणि कार्डावर लिहून देते. घरी कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

(पुढं जी माणसं येतील त्यांची गावं, नाती, तपशील बदललेत. काही ठिकाणी दोघांचं मिळून एक केलंय.)

मी आधी एमएसडब्ल्यू केलं, मग आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आग्रहावरून ख्रिस्ती समुपदेशनाचा कोर्स. एकीकडे माणसाला बोलतं करायला शिकवलं, दुसरीकडे त्याच्यासाठी प्रार्थना करायला. दोन्ही कामं तोंडाची. समोरचा माणूस खुर्चीच्या कडेवर टेकलाय, खांदे कानांपर्यंत चढलेत, नजर सारखी दाराकडे जातेय, हे दिसत सगळ्यांनाच होतं. त्याचं करायचं काय, हे दोन्हीकडच्या वह्यांत नव्हतं.

ते शिकवलं एका वृद्ध येशूसंघीय फादरांनी. त्यांनी साधना संस्थेत अँथनी डिमेलो यांच्या हाताखाली धडे घेतले होते. डिमेलो मुंबईचे, १९३१चा जन्म. लोणावळ्याची ही संस्था त्यांनीच उभी केलेली. १९७८ साली आलेल्या त्यांच्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकातले सुरुवातीचे पाठ पाहिले तर त्यात शिकवण अशी फारशी नाहीच. खांद्यावर कपड्याचा स्पर्श कळतोय का, पाठ खुर्चीला कुठं टेकलीय, तळपायाला काय जाणवतंय, बस्स. प्रार्थनेला बसायचं तर आधी आपण कुठं बसलोय ते कळू दे, एवढा त्याचा अर्थ मी घेतला. १९९८ साली, म्हणजे डिमेलो जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, रोमनं त्यांच्या काही विचारांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. आम्ही प्रोटेस्टंट. एरवी रोमचं आमच्याकडे कोण ऐकतं? पण ही सूचना मात्र आमच्या पाळकांना बरोब्बर पाठ असते. पुस्तक वाचलेलं नसतं.

फादरांहून जास्त मला शिकवलं ते पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायानं. एलीया संदेष्ट्याला ईजबेल राणीनं जिवे मारण्याचा निरोप धाडलाय. तो जीव घेऊन पळतो, रानात दिवसभर चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. असा माणूस आमच्या एखाद्या प्रार्थनासभेत आला तर त्याला विश्वास कमी पडला म्हणून आधी चार गोष्टी ऐकाव्या लागतील. देव तिथं एक शब्द बोलत नाही. एलीया झोपतो. दूत येऊन हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो पुन्हा आडवा होतो, त्यालाही दूताची हरकत नाही. दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो. मग चाळीस दिवस नुसतं चालणं. ‘तू इथं काय करतोस’ हा प्रश्न येतो तो पार होरेब डोंगराच्या गुहेत. इतक्या वेळा हा उतारा उपदेशात ऐकला होता, पण प्रत्येक वेळी उपदेशक झुडपावरून सरळ गुहेत उडी मारायचे. तिथला तो मंद, शांत शब्द सगळ्यांना हवा असतो. भाकरीवर कुणी थांबत नाही.

मी माझ्या कामाचा क्रम तसाच लावून घेतला. पहिल्या भेटीत काय घडलं ते विचारत नाही. झोप किती लागते, शेवटचं पोटभर कधी जेवलात, रात्री खोलीत आणखी कोण असतं, दाराला आतून कडी आहे का, हे विचारते. मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर तिथं कसलीच थेरपी चालत नाही. तिथं आधी सुरक्षित जागा, वकील, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन. खऱ्या धोक्याला घाबरणारं शरीर आजारी नसतं, त्याचं बरोबरच चाललेलं असतं.

माझी खोली फिजिओथेरपी विभागाला लागून आहे. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मिळाली, पण आता कुणी बदलून देतो म्हटलं तरी नको. तिथल्या ताईंनी एकदा एक बाई माझ्याकडे पाठवली. खांदा आखडलेला, व्यायाम चालू, पण गुण नाही. ताई म्हणाल्या, “हात वर न्यायला गेलं की खांदा दुखायच्या आधी हिची मान आत जाते. नुसतं सांध्याचं दुखणं असं नसतं. तुम्ही बघा.”

चाळिशी ओलांडलेली, शेतमजुरी करणारी, पदर घट्ट खोचलेली बाई. नवरा वारून बरीच वर्षं झालेली, म्हणजे मारणारा हात आता जगात नव्हता. ती आमच्या मंडळीतली नव्हती, गळ्यात खंडोबाचा टाक होता. बसल्याबसल्या तिनं मला विचारलं, “बाई, येशूचं काही घ्यावं लागंल का?” मी म्हटलं, चहा घ्यावा लागेल. हा प्रश्न मला नेहमी येतो आणि यावाच. माझ्या खोलीत प्रार्थना होते ती समोरच्यानं मागितली तरच, आणि उपचार त्यावर अवलंबून नसतो.

काय सोसलं ते तिनं तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपणहून सांगितलं, तेही अगदी थोडक्यात. “मी कधी हात उचलला नाही. डोक्यावरसुद्धा धरला नाही. पोरं बघत असायची, ती रडली की त्यांनापण पडायचा. म्हणून हालायचं नाही.” सांगताना आवाज सपाट, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मी तिथंच थांबवलं. तपशिलात शिरायची घाई इथं फार महागात पडते. आठवण पूर्ण जोरानं आली की माणूस ती सांगत नसतो, पुन्हा त्यात असतो. म्हणून आधी दुसरं टोक शोधायचं. अंगाला बरं वाटलं होतं अशी एखादी जागा आठवते का, विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाली, जेजुरीची पायरी. लहानपणी बापाचं बोट धरून चढली होती, पायरी तापलेली होती, पाय भाजत होते आणि बाप हसत होता. हे सांगताना तिचे पाय चपलेतून बाहेर आले आणि फरशीवर सपाट टेकले. तिला ते कळलंही नाही. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतरचं काम म्हणजे या दोन टोकांमधली येजा. खांद्यातला जडपणा थोडा वेळ, की लगेच जेजुरीची पायरी. पुन्हा थोडा वेळ खांदा. एका भेटीत ताईंच्या हॉलमध्ये नेऊन तिला भिंतीसमोर उभं केलं. तळवे भिंतीला लावायचे, कोपर किंचित वाकवायचे आणि भिंत ढकलायची. जोरात नाही, सावकाश. तळव्यापासून मनगट, मनगटापासून दंड, जोर कुठून कुठं जातोय त्याकडे लक्ष. डोळे उघडे. थांबावंसं वाटलं की थांबायचं, मला विचारायचं नाही. पहिल्यांदा तिनं भिंतीला नुसता हात लावला, जणू भिंत रागावेल. मग थोडा जोर. मग दंड थरथरू लागले, श्वास मोठा झाला, आणि तिच्या तोंडून निघालं, “सर लांब.” कुणाला ते मी विचारलं नाही. तिनं अजून दोनदा ढकललं, एक मोठी जांभई दिली, मग खुर्चीवर बसून खूप वेळ आपले तळवे पाहत राहिली. लाल झाले होते. “गरम झाले,” एवढंच म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून निघाली.

खांदा लगेच सुटला नाही. ताईंचे व्यायाम पुढं बरेच दिवस चालले. पण मान आत जायची थांबली आणि मगच व्यायामाला गुण येऊ लागला.

हे असं का होतं, ते खेड्यातल्या माणसाला समजावताना मी बैलाचं उदाहरण देते. ज्या वळणावर बैल एकदा बुजला त्या वळणावर तो पुन्हा बुजतो, खड्डा बुजवला तरी. त्याला खड्डा नाही हे सांगून उपयोग नसतो, हाणून तर नाहीच. कासरा सैल धरून, थांबत थांबत, दोन-चारदा नेऊन आणावं लागतं. शेतकऱ्याला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

आता मंडळीबद्दल. ख्रिस्ती समुपदेशक म्हणून मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते आपल्याच चांगल्या सवयींशी. प्रार्थना सुरू करताना आपण म्हणतो, डोळे मिटा, माना लववा. ज्या मुलीवर अंधारात अत्याचार झालाय तिला डोळे मिटून, मान खाली घालून, आजूबाजूला कोण आहे ते न दिसता बसायला सांगणं म्हणजे तिला पुन्हा तिथं नेऊन बसवणं. मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करते आणि तिलाही तसंच सांगते. खिडकीकडे बघ, झाडाकडे बघ, वाटलं तर उभी राहा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आपली जुनी रीत आहे, पण तो हात विचारल्याशिवाय ठेवायचा नाही. पाचसहा जणांनी भोवती कडं करून मोठ्या आवाजात तर अजिबात नाही. वसतिगृहात राहिलेली एक मुलगी प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायची, पण पहिल्या ओळीतल्या ‘बापा’ या शब्दापाशी गप्प व्हायची आणि पुढच्या ओळीला सामील व्हायची. रविवारच्या शाळेच्या बाईंनी तिला त्यावरून टोकलं. मी बाईंना म्हटलं, देवाला त्या एका शब्दाची एवढी घाई नसेल.

तिच्या बाबतीत दुसराही एक प्रश्न होता. ती अजून अठराची नव्हती. पोक्सो कायदा २०१२चा आहे आणि त्याच्या १९व्या कलमानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला असेल त्यानं ती पोलिसांना दिलीच पाहिजे. पाळक असो, समुपदेशक असो, रेक्टर असो. ‘मंडळीची बदनामी होईल’, ‘आपसात मिटवू’, ‘आधी उपास करून देवाची इच्छा पाहू’ हे सगळं मी ऐकलंय. पोलिसांत जायच्या दिवशी तिच्या पाठीशी जी माणसं उभी राहिली त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी उपदेश केला नाही, डब्यात पिठलं-भाकरी आणली. दुपारचे तीन वाजेपर्यंत ठाण्यात बसावं लागलं तेव्हा तो डबाच उपयोगी पडला.

साक्षीचंही असंच. आपल्या सभांतून साक्ष द्यायची पद्धत मला मनापासून आवडते, माझी आजी तिच्यावरच वाढली. पण जखम ओली असताना कुणाला तरी माइकसमोर उभं करायचं, ‘प्रभूनं तुला कसं सोडवलं ते सांग’ म्हणायचं, लोक रडतात, टाळ्या वाजतात, आणि ती बाई घरी जाऊन रात्रभर जागी. आघातानंतर लगेच माणसाला सगळी हकिगत सांगायला लावू नये, हे आता जगभर मान्य आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यात भर आहे तो पाहण्यावर, ऐकण्यावर आणि योग्य मदतीशी जोडून देण्यावर. खोदून विचारू नका, असं ती स्पष्ट सांगते. ती काढणाऱ्या तीन संस्थांत वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्थाही आहे, हे मी पाळकांना आवर्जून सांगते. त्यानं ते जरा सैलावतात.

सगळ्यात अवघड असतं थरथरणं. भीतीनं गोठलेलं अंग सुटायला लागलं की कधीकधी थरथरतं, घाम फुटतो, रडू कोसळतं. कुणाला उलट भान हरपल्यासारखं होतं, हाक मारली तरी ओ देत नाही. हे प्रार्थनेत घडलं की काही ठिकाणी लगेच निदान होतं: दुष्टात्मा. मग सुटकेची प्रार्थना, आरडाओरडा, धरून ठेवणं. एका मुलीच्या दंडावर मी त्याचे वळ पाहिलेत. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे आणि तो मांत्रिकाला लागू होतो तसा पास्टरलाही. अशा वेळी काय करायचं ते फार साधं आहे. गर्दी हटवा, आवाज खाली आणा, तिचं नाव घ्या, आज कोणता वार आहे, आपण कुठं आहोत ते सांगा, पायाला जमीन लागू द्या, पाणी द्या. फेफरं असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणचे मनोविकारतज्ज्ञ आमच्याकडे येतात, त्यांच्या गोळीनं झोप लागू लागली की माझं निम्मं काम सोपं होतं. बीपीच्या गोळीला विश्वास आड येत नाही, मग हिलाच का यावा?

आणि क्षमा. ही आमची सगळ्यात मोलाची गोष्ट आणि सगळ्यात घाईनं वापरली जाणारी. मार खाऊन आलेल्या बाईला दुसऱ्याच वाक्याला ‘माफ कर’ सांगणारी माणसं तिला परत त्याच घरात पाठवतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ज्याला अजून ‘नको’ म्हणता येत नाही त्यानं केलेली क्षमा मला खरी वाटत नाही. बायबलातही विलापाला केवढी जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, अखेरीसही आशेची ओळ येत नाही, तरी ते शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. दाविदाची मुलगी तामार, तिच्यावर भावानंच बळजबरी केली. तिला दुसरा भाऊ सांगतो, गप्प राहा, मनावर घेऊ नको. ही कथा मी महिला मंडळात वाचते तेव्हा कुणी चुळबुळ करत नाही. प्रत्येकीला तो दुसरा भाऊ माहीत असतो.

एक मात्र सांगायला हवं. शरीरावरून उपचार करण्याच्या पद्धतींचं सध्या फार पेव फुटलंय आणि त्यातलं सगळंच मी डोळे झाकून घेत नाही. मनोविकारतज्ज्ञ व्हॅन डर कोल्क यांचं आघातावरचं २०१४चं पुस्तक आलं आणि ‘आघात शरीरात साठून राहतो’ हे वाक्य प्रत्येक शिबिरात ऐकू येऊ लागलं. स्नायूत आठवण साठत नसते, मज्जासंस्थेला धोक्याची सवय लागलेली असते. पीटर लेव्हिन यांच्या अशाच शरीरावरून जाणाऱ्या पद्धतीवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. या पद्धतींना आधार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पोर्जेस यांच्या व्हेगस मज्जातंतूच्या सिद्धान्तावर शरीरशास्त्रज्ञांचे मोठे आक्षेप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली मोठ्या माणसांतल्या आघातोत्तर तणावासाठी शिफारस केली ती आघातावर बेतलेल्या सीबीटीची, म्हणजे विचार-वर्तन उपचाराची, आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणाऱ्या ईएमडीआरची. म्हणून मी भिंत ढकलणं, पाय टेकणं, येजा करणं हे सगळं माणसाला स्थिर करायला वापरते, आणि पुढचं काम असेल तर त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे पाठवते. पण त्यासाठी पुण्याला जायला भाडं नसतं, दिवसाची मजुरी बुडते, ही खरी अडचण. तिच्यावर कुठल्या शिबिरात चर्चा होत नाही.

आमच्याकडे गुरुवारी बायका गोधड्या शिवायला बसतात. समोरासमोर खुर्च्या टाकून डोळ्यांत डोळे घालून बोलणं पुष्कळांना जमत नाही. सुईवर नजर असली की शब्द आपोआप सुटतात, आणि नाही सुटले तरी गोधडी होते. मध्येच कुणीतरी भजन धरतं. गाताना श्वास आत पटकन आणि बाहेर लांब जातो, धडधड उतरते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं त्यासाठी लिहिलेली नाहीत, पण काम करतात. यात नवं काही नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, परवड झालेल्या मुली केडगावला आणल्या. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील दुष्काळातच गमावले होते. केडगावात त्या मुलींना आधी अन्न, अंघोळ, कपडे आणि निजायला जागा मिळाली, मग शाळा, शेती, विणकाम, छापखाना. समुपदेशन हा शब्द तिथं कुणाच्या तोंडी नसेल.

अलीकडे आसपासच्या मंडळ्यांच्या पाळकांसाठी मी शिबिरं घेते. गेल्या खेपेला एक वयस्क पाळक शेवटच्या रांगेतून उठले. चाळीसएक खेड्यांचा परिसर त्यांच्याकडे, मोटारसायकलवर फिरतात. म्हणाले, “बाई, डोळे मिटायचे नाहीत, हात ठेवायचा नाही, क्षमा लगेच सांगायची नाही, साक्ष घ्यायची नाही. मग आम्ही करायचं तरी काय?” सगळे हसले. मी म्हटलं, पाळकसाहेब, तुमच्याकडे गाडी आहे, त्यांना दवाखान्यात आणा. त्या ठाण्यात असतील तेव्हा पोरं तुमच्या घरी ठेवा. पाळकबाईंना विचारून रात्रीची जागा द्या. तारखेला कोर्टात सोबत जा. आणि रात्री-अपरात्री कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. “मराठीत बोलतात का?”

“बोलतात.”

“मग रविवारी सूचनांत वाचतो,” म्हणाले, आणि आकडे पुन्हा एकदा सांगायला लावून लिहून घेतले.